विहारात पट मांडावा का? खेळ, जुगार आणि धम्म

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर तेव्हा शेतात लावणीची धांदल असते, जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसामुळे गावातले रस्ते लवकर ओस पडतात. गावोगावच्या विहारांत संध्याकाळी वंदना होते, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, बौद्धाचार्य किंवा प्रवचनकार तासभर बोलतात. नऊच्या सुमारास सगळे घरी जातात. पुढचे दोन तास तरुण मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, नाहीतर कुणाच्या तरी पडवीत पैशावर पत्ते कुटतात.

अशा वेळी कुणीतरी सुचवतो की आठवड्यातली एक संध्याकाळ विहाराच्या सभागृहात कॅरम, बुद्धिबळ, वाघ-बकरी असे बैठे खेळ मांडू. मुले येतील, बायका येतील, म्हातारी माणसेही बसतील. आणि लगेच दुसरा म्हणतो, “विहार ही काय खेळायची जागा आहे? तथागतांनी तर खेळांना मनाई केली आहे.” बहुतेक ठिकाणी विषय इथेच संपतो. पण तथागतांनी नेमकी कशाला मनाई केली, कुणाला केली आणि का केली, हे पाहिले तर उत्तर वेगळे निघते.

ब्रह्मजाल सुत्तातील यादी

आक्षेप घेणारा निराधार बोलत नाही. दीघ निकायातले पहिलेच सुत्त म्हणजे ब्रह्मजाल सुत्त. त्यात श्रमण गौतम कोणकोणत्या गोष्टींपासून दूर राहतात हे सांगताना खेळांची एक लांबलचक यादी येते. यादीच्या सुरुवातीला ‘अट्ठपद’ आणि ‘दसपद’ आहेत. अट्ठपद म्हणजे आठ बाय आठ, चौसष्ट घरांचा पट. दसपद म्हणजे दहा बाय दहा घरांचा. आज आपण ज्या पटावर बुद्धिबळ खेळतो तो आकाराने अट्ठपदाचाच वारसदार आहे. या पटाच्या जुन्यात जुन्या उल्लेखांमध्ये पाली साहित्यातला हा उल्लेख मोडतो.

पुढे यादीत पट डोळ्यांसमोर नसताना मनातल्या मनात खेळायचा ‘आकास’ आहे. जमिनीवर आखलेल्या रेषा चुकवत उड्या मारायचा खेळ आहे. खड्यांच्या ढिगातून बाकीचे न हलवता एकेक खडा काढायचा खेळ आहे. फासे आहेत, चेंडू आहे, पानांची भिंगरी आहे, खेळण्यातला नांगर, गाडी आणि धनुष्य आहे. हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखायचा ‘अक्खरिका’ आहे, दुसऱ्याच्या मनातले ओळखायचा ‘मनेसिका’ आहे. यादी संपते ती ‘यथावज्ज’ या प्रकाराने, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातल्या व्यंगाची नक्कल करण्याने.

आता या यादीची चौकट पाहा. सुत्तात असे म्हटले आहे की काही श्रमण-ब्राह्मण लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खातात आणि तरीही अशा खेळांत रमून जातात. तथागत तसे करत नाहीत. रोख कुणावर आहे हे इथे उघड होते. जो दुसऱ्याच्या घासावर जगतो, ज्याने घरदार सोडले ते मनाच्या साधनेसाठी, त्याने आपला वेळ पटावर घालवणे ही दात्याची फसवणूक आहे. ही यादी भिक्खूच्या जीवनाची आहे. दिवसभर चिखलात लावणी करून आलेल्या उपासिकेला किंवा गोदीत, कारखान्यात, कार्यालयात राबून सुट्टीला गावी आलेल्या चाकरमान्याला ती लावायची असेल, तर मग मुलांच्या भिंगरीवर आणि खेळण्यातल्या गाडीवरही बंदी घालावी लागेल. तसे कुणी म्हणत नाही.

कीटागिरीचे भिक्खू

विनयपिटकात याचे एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. कीटागिरी या ठिकाणी अस्सजी आणि पुनब्बसुक यांच्या गटातले भिक्खू राहत. ते गावातल्या घरांत हार-गजरे करून पाठवत, घरातल्या स्त्रियांबरोबर एका ताटात जेवत, अवेळी खात, नाचगाणे करत आणि अट्ठपद-दसपदापासून यादीतले सगळे खेळ खेळत. गाव त्यांच्यावर खूश होते. पुढे एक शांत, खाली नजर ठेवून चालणारा भिक्खू तिथे भिक्षेला आला, तर लोकांना तोच मठ्ठ आणि आठ्या घातलेला वाटला. त्याला कुणी भिक्षा घालेना. हे कळल्यावर तथागतांनी सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांना पाठवून त्या गटावर कीटागिरीतून निष्कासनाची कारवाई करवली.

इथे दोष काय ठरला, हे नीट वाचावे. त्या भिक्खूंनी कुटुंबांची धम्माबद्दलची समजच बिघडवली, हा तो दोष. रंजन करणारा तो चांगला आणि साधना करणारा तो रुक्ष, असे लोकांना वाटू लागले होते. यातून आपल्यासाठीही एक इशारा मिळतो. खेळांच्या संध्याकाळीमुळे वंदना आणि वाचन बाजूला पडून लोक फक्त कॅरमसाठी विहारात येऊ लागले, तर तो कीटागिरीचाच प्रकार होईल.

गृहस्थाला काय सांगितले

गृहस्थांसाठी तथागत स्वतंत्र बोलले आहेत आणि तेही सविस्तर. राजगृहाजवळ सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल या तरुणाला केलेला उपदेश, म्हणजेच सिगालोवाद सुत्त, आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात त्याला जागा दिली. त्यात संपत्तीच्या नाशाचे सहा मार्ग सांगितले आहेत: मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, जत्रा-तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. खेळ हा शब्द या यादीत नाही. जुगार आहे.

जुगाराचे सहा तोटेही तिथे मोजून दिले आहेत. जिंकणाऱ्याला वैर मिळते. हरणारा गेलेल्या पैशाचा शोक करत बसतो. जवळचे धन डोळ्यांदेखत संपते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला मान देत नाहीत. आणि लग्नासाठी त्याला कुणी मुलगी देत नाही, कारण हा बायकोला काय पोसणार, असे लोक म्हणतात. या सहांपैकी दोनच तोटे पैशाचे आहेत. उरलेले चार माणसामाणसांतल्या नात्यांचे आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कोणत्याही वाडीत जाऊन पडताळता येईल.

आणखी एक गोष्ट आपल्या रोजच्या पठणातच आहे, पण सहसा लक्षात येत नाही. पाचव्या शीलात आपण ‘पमादट्ठान’ हा शब्द उच्चारतो. बेसावधपणाचे, भान सुटण्याचे कारण ते पमादट्ठान. सिगालोवादात जुगारासाठीही नेमका हाच शब्द आला आहे. म्हणजे दारू आणि जुगार या दोन्हींची मोजपट्टी एकच आहे: यामुळे माणसाचे भान सुटते का?

कौशल्य की नशीब, हा प्रश्न अपुरा आहे

पत्त्यांच्या अड्ड्यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: “रमी हा डोक्याचा खेळ आहे, जुगार नाही.” या युक्तिवादाला कायद्याचा इतिहास आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६७ मध्ये आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. त्याच निकालात, अड्डा चालवणारा त्यातून नफा कमावत असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते, हेही सांगितले होते. पुढे मोबाइलवरच्या रमीच्या जाहिरातदारांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा ही जुनी विभागणी मोडली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोन्हींचा. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने तो ऑनलाइन खेळवला जात असेल, तर या कायद्याने त्याला मनाई केली आहे. कायद्याने आता विचारलेला प्रश्न सिगालोवादाच्या जवळचा आहे. खेळ कसा आहे यापेक्षा पणाला काय लावले आहे, हे महत्त्वाचे. बुद्धिबळ कितीही बुद्धीचे असले तरी डावावर पाचशे रुपये लावले की जिंकणाऱ्याला वैर आणि हरणाऱ्याला शोक मिळणारच.

याच कसोटीवर आपल्या जयंती मंडळांच्या कॅरम स्पर्धाही तपासून पाहाव्यात. खेळाडूंकडून प्रवेश फी घ्यायची आणि तीच गोळा करून पहिल्या क्रमांकाला रोख द्यायची, तर हरलेल्यांचे पैसे जिंकलेल्याच्या खिशात गेले. बक्षीस दात्याने द्यावे, ते पुस्तकाचे किंवा शालेय साहित्याचे असावे आणि प्रवेश सर्वांना मोफत ठेवावा. एवढ्या बदलाने स्पर्धेची गंमत कमी होत नाही.

फुरसत हा हक्क आहे

“काम करून दमलेल्या लोकांना खेळ कसले?” हा आक्षेप वरून साधा दिसतो, पण त्याच्या मुळाशी जुनी गोष्ट आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना फुरसत मिळू दिली जात नव्हती. महारकीत गावाने हाक मारली की दिवस असो वा रात्र, धावावे लागे. याच किनाऱ्यावर कुळांना खोताच्या शेतावर वेठ करावी लागे. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवून संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. या लढ्यांत जमिनीबरोबर माणसाच्या वेळेवर हक्क कुणाचा, हाही प्रश्न होता.

१९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू याच कारणासाठी घेतली होती. पोटामागे धावण्यात सगळा दिवस गेला तर माणूस आणि पशू यांत फरक उरत नाही. संस्कृती उभी राहते ती फुरसतीवर आणि ती फुरसत यंत्रे देऊ शकतात, असा त्यांचा विचार होता. मिळवलेली ही फुरसत मोबाइलच्या पडद्याला किंवा जुगाराच्या अड्ड्याला वाहून टाकायची, की एकमेकांसोबत सावधपणे घालवायची, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे आहे.

कोणते खेळ मांडावेत

*वाघ-बकरी.* या खेळाची अनेक रूपे आहेत. पंचवीस ठिकाणांच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या, हे त्यातले एक प्रसिद्ध रूप. एकट्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारता आली की वाघ तिला खातो. बकऱ्यांना उडी मारता येत नाही. त्या फक्त एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहू शकतात. पाठीमागची जागा भरलेली असेल तर वाघ काही करू शकत नाही आणि शेवटी चारही वाघ कोंडले जातात. बळी बकऱ्यांचा जातो, सिंहांचा नाही, ही बाबासाहेबांची शिकवण आपल्याला पाठ आहे. त्या शिकवणीची दुसरी बाजू, संघटित होण्याची, मुलांना या पटावर दहा मिनिटांत कळते. खडूने पट आखला आणि चिंचोके व शिंपल्या घेतल्या की खर्च शून्य.

*नवकंकरी.* चोवीस ठिकाणे, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. महाराष्ट्रात अनेक लेण्यांच्या आणि मंदिरांच्या दगडांवर बैठ्या खेळांचे असे पट कोरलेले दिसतात. ते कोरणारे गुराखी, वाटसरू, कारागीर कुणीही असू शकतात. त्यामुळे लेण्यात पट दिसला म्हणून भिक्खू खेळत होते, असा निष्कर्ष काढू नये.

*कॅरम.* चौऱ्याहत्तर सेंटिमीटरची चौकट, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. शहरातल्या चाळींत आणि गावातल्या मंडळांत हा खेळ आधीच रुजला आहे. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदके मिळवली. मुलींना पाटावर बसवायला ही एक बातमी पुरेशी आहे.

*बुद्धिबळ.* नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अट्ठपदाची गोष्ट सांगून हा खेळ शिकवला तर मुले पटाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

*सापशिडी.* लहान मुलांना ती आवडते, जरूर खेळू द्यावी. फक्त एक गोष्ट बोलावी. यात साप गिळतो तो आपल्या कोणत्याही कृतीमुळे नाही, फाशामुळे. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, ही समजूत अशीच आहे आणि बाबासाहेबांनी ती धम्मातून ठामपणे नाकारली. कॅरममध्ये स्ट्रायकर चुकला तर चूक आपल्या बोटाची असते आणि पुढच्या वेळी ती सुधारता येते.

*व्यापार.* शहरे विकत घेऊन भाडे वसूल करायचा हा खेळ अमेरिकेतल्या ‘मोनोपोली’चा भारतीय अवतार. त्याचे मूळ मात्र एलिझाबेथ मॅगी या स्त्रीने तयार केलेल्या ‘जमीनदाराचा खेळ’ या पटात आहे. १९०४ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. जमीन मोजक्या हातांत गेली की बाकीचे कसे कंगाल होतात, हे दाखवण्यासाठी तिने तो केला होता. तिच्या नियमांचे दोन संच होते. एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सर्वांना वाटा मिळतो. बाजारात टिकला तो पहिला. डाव संपल्यावर दिवाळे निघालेल्या मुलाला विचारावे, “तू आळशी होतास म्हणून हरलास का?” आणि तिथून खोती, कुळ आणि चरीच्या संपाकडे वळावे. इतिहासाचा याहून सोपा धडा मिळणार नाही.

संध्याकाळ कशी चालवावी

विहाराचे पावित्र्य आणि खेळाचा आनंद दोन्ही राखायचे तर काही नियम आधीच ठरवून भिंतीवर लावावेत.

बुद्धमूर्तीसमोरची जागा वंदना आणि ध्यानासाठीच राहावी. पट सभागृहात, ओसरीवर किंवा शेजारच्या समाजमंदिरात मांडावेत. तळा तालुक्यात राजपुरी खाडीजवळच्या कुडे लेण्यांत दानाचे लेख आहेत. दान देणाऱ्यांत माळी, वैद्य, लेखनिक, लोखंडाचा व्यापारी अशी कष्टाची आणि धंद्याची माणसे आहेत. भिक्खूंना वर्षावासाला निवारा मिळावा म्हणून या गृहस्थांनी डोंगर कोरवून घेतला. आजचे आपले विहारही वर्गणीतून उभे राहिले आहेत. त्यामुळे ती जागा सर्वांची आहे आणि तिची शिस्तही सर्वांनी सांभाळायची आहे.

पौर्णिमा आणि अष्टमी उपोसथासाठी सोडाव्यात. अष्टशील घेणाऱ्यांच्या शेजारी स्ट्रायकरचा आवाज नको. शनिवार सोयीचा. आधी वंदना आणि वाचन, मग दीड तास खेळ, ठरलेल्या वेळी पट बंद.

पैसे नाहीत, चहाचीही पैज नाही. “हरला तो भजी देईल” इथूनच सुरुवात होते. दारू पिऊन आलेल्याला त्या दिवशी बसू देऊ नये.

चिडवणे, टोपणनावे, तोतरेपणाची किंवा लंगडेपणाची नक्कल, काहीही चालणार नाही. यथावज्ज हा ब्रह्मजाल सुत्ताच्या यादीतला शेवटचा प्रकार मोठ्या माणसांनाही तितकाच लागू आहे.

प्रत्येक पटावर एक तरी स्त्री किंवा मुलगी असावी. त्यासाठी त्या संध्याकाळी चहा आणि भांडी पुरुषांनी पाहावीत, नाहीतर नियम कागदावरच राहील. बाजूच्या कोळीवाड्यातली, आगरी आळीतली, मोहल्ल्यातली आणि कातकरी वाडीवरची मुले आली तर त्यांना आधी जागा द्यावी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी सर्वांच्या पाण्याला हात लावला तो समानतेसाठी. आपल्या पटाला हात लावायला कुणाला संकोच वाटत असेल, तर तो दूर करणे आता आपल्याकडे आहे.

तीन प्रश्न

कोणताही नवा खेळ आणला, मोबाइलवरचा असला तरी, त्याला तीन प्रश्न विचारावेत. यात काही पणाला लागले आहे का? खेळताना वेळेचे आणि स्वतःचे भान राहते का? उठताना दोघांतले नाते आधीपेक्षा घट्ट आहे की सैल? पहिला प्रश्न सिगालोवादाचा आहे, दुसरा पाचव्या शीलाचा, तिसरा जुगाराच्या त्या चार तोट्यांचा. तिन्हींची उत्तरे चांगली आली तर पट मांडायला हरकत नाही.

वर्षावास तीन महिन्यांचा असतो, म्हणजे बारा-तेरा शनिवार. कॅरमचा एक पाट, बुद्धिबळाचे दोन संच आणि खडूचा एक डबा एवढ्यावर सुरुवात होते. आश्विन पौर्णिमेला हिशेब करावा: किती मुले नियमित आली, त्यांतली किती वाचनालाही बसू लागली आणि पडवीतला पैशाचा डाव किती जणांनी सोडला. आकडा लहान असला तरी पुढच्या आषाढात पट पुन्हा मांडावा.

जयभीम, नमो बुद्धाय.